किल्ली कोणाकडे?

आमच्या बालेवाडीच्या फ्लॅटचा सहा वर्षांचा कारभार एका दोनशे पानी वहीत आहे. वही आत्याची. बँकेच्या नोकरीत घोटलेल्या अक्षरात पहिल्या पानावर ‘श्री’, खाली फ्लॅटचा नंबर, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, आणि मग तारीखवार नोंदी. ‘गिझरची कॉइल बदलली, ६५० रु.’ ‘सोसायटीची सभा. टँकरवरून भांडण. आपण गप्प बसलो.’ ‘भाडेकरूंचे आईवडील आले आहेत परभणीहून. आठ दिवस.’ त्यानंतरचा कारभार एका अ‍ॅपमध्ये आहे. तिथे हिरवे, पिवळे, लाल ठिपके दिसतात. हिरवा म्हणजे काम झालं, लाल म्हणजे माझ्या परवानगीसाठी अडलं.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न येतोच: पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिलाय, स्वतः बघावं की मॅनेजर ठेवावा? लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कशाला पैसे घालवता, हल्ली सगळं ऑनलाइन होतं, मी तर इथूनच बघतो. दुसरा म्हणतो, डोक्याला ताप नको, एजन्सीला देऊन टाका. पहिल्या तटातल्या लोकांना मी नेहमी एकच विचारते: किल्ली कोणाकडे आहे? मग कळतं, किल्ली सासऱ्यांकडे आहे. मेव्हण्याकडे आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे आहे. ‘मी इथूनच बघतो’ या वाक्यात पुण्यातलं एक माणूस लपलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते साठीच्या पुढचं असतं.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे आत्या.

आम्ही २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सला, आइंडहोवनला आलो. फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते चालू होते, विकायची इच्छा नव्हती, म्हणून भाड्यानं दिला. महिना १९ हजार. आत्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांची, निवृत्त, कर्वेनगरात एकटी राहणारी. ‘मी आहे की,’ ती म्हणाली. कोणी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. आपल्याकडे घरातली अशी कामं विचारून दिली जात नाहीत. ज्याच्याकडे वेळ आहे असं सगळ्यांना वाटतं, त्याच्याकडे ती आपोआप जातात.

लांबून काय होतं आणि काय होत नाही, याची माझ्या मनात आता पक्की विभागणी आहे. भाडं खात्यात येतं. मेंटेनन्स, मिळकतकर, वीजबिल फोनवरून भरता येतं. पण गळका नळ फोनवरून बंद करता येत नाही. पुण्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, आणि पुण्यातला प्लंबर नेमका सकाळी आठलाच मोकळा असतो. इथून मी फार तर सूचना देऊ शकते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि शेळ्या सातव्या मजल्यावर.

कागदपत्रांचंही तसंच. लोक अजून ‘अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या जुन्या समजुतीतून हे अकरा महिने आले. महाराष्ट्रात ते लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नसेल नोंदवला, तर कोर्टात भाडेकरू अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, ते वेगळंच. खर्च मात्र फार नाही. आज आमचं भाडं ३१ हजार आणि डिपॉझिट एक लाख आहे. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण पावणेनऊशे रुपये, आणि नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी लोक पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून मोकळे होतात, हे मला कधी कळलेलं नाही.

नोंदणी ऑनलाइन होते, पण अंगठा ऑनलाइन होत नाही. तो पुण्यात लागतो. म्हणून मी आत्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र केलं. इथे नोटरी, त्यावर अपोस्टिल. हे अपोस्टिल ज्या आंतरराष्ट्रीय करारामुळे भारतात चालतं तो इथल्याच हेग शहराच्या नावानं ओळखला जातो, आणि भारत त्यात २००५ पासून आहे. कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. त्यासाठी आत्या सरकारी कचेरीत तीनदा जाऊन आली. मग अंगठ्याचं मशीन घेऊन एक मुलगा घरी आला, तर आत्याचे ठसे उमटेनात. त्यानं बोटं पुसायला लावली, मग किंचित तेल लावायला लावलं, मग दुसऱ्या हाताची घेतली. ‘आयुष्यभर नोटा मोजल्या रे,’ ती त्याला म्हणाली, ‘झिजले असतील.’ पाचव्या खेपेला उमटले.

आत्यानं हे सगळं ज्या पद्धतीनं केलं, त्याचं मूळ नारायण पेठेत आहे.

बाबा आणि आत्या तिथल्या एका वाड्यात वाढले, भाडेकरू म्हणून. दोन खोल्या, चौकात एक नळ, मागे सामाईक संडास. मालक दर्शनी भागात वरच्या मजल्यावर. मालकीणबाई खिडकीतून चौकावर लक्ष ठेवून असायच्या: कोणी किती बादल्या भरल्या, कोणाकडे कोण आलं, कोणाच्या दिव्याला उशीर झाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूला रस्त्यावर यावं लागू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त होता. पण तात्पुरती म्हणून केलेली ही सोय पन्नास वर्षं टिकली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलंसुद्धा बदलून होईनात, म्हणून तो दुरुस्ती करेना. भाडेकरू इतकं स्वस्त घर सोडेना. दोघंही एकमेकांना आणि पडत्या भिंतीला धरून बसलेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोठलेली भाडी आता अवाजवी ठरतात असं म्हटलं आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला. तोवर पेठांमधले कितीतरी वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या.

वाड्यातला मालक कसाही असला तरी एक गोष्ट होती: तो तिथेच होता. भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर गळलं तर त्याच्याही गळायचं. भांडायला जिना चढून जाता यायचं.

आत्या या सगळ्यातून मोठी झाली, त्यामुळे मालकाच्या बाजूनं काम करतानाही तिचं अर्धं मन भाडेकरूचं होतं. फोन केल्याशिवाय ती फ्लॅटवर कधी गेली नाही. गेली तरी बेडरूममध्ये पाऊल टाकायची नाही. ‘खिडकीतून बघणाऱ्या बायका मी पाहिल्यात,’ म्हणायची. दुसरीकडे, सोसायटीनं आमच्याकडून मनाला येईल तसं बिनभोगवटा शुल्क लावलं, तेव्हा हीच बाई सरकारी आदेशाची झेरॉक्स घेऊन सेक्रेटरींसमोर जाऊन बसली. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, ही मर्यादा राज्य सरकारनं २००१ मध्येच घातलेली आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती कायमही केली आहे. सेक्रेटरी म्हणाले, आमचा ठराव आहे. आत्या म्हणाली, तुमचा ठराव माझ्या या कागदापेक्षा मोठा आहे का, तेवढं लिहून द्या. पुढच्या तिमाहीला बिल बदललं.

मग २०२० चा मार्च. तेव्हा फ्लॅटमध्ये हिंजवडीच्या एका कंपनीतले दोन मुलगे होते. लॉकडाउन लागायच्या आदल्या दिवशी एक नांदेडला गेला आणि अडकला, दुसऱ्याच्या पगारात कपात झाली. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. आमच्या ग्रुपवर त्यावरून केवढा गहजब झाला होता. मी काय करावं याचा विचार करत होते तोवर आत्याच्या वहीत नोंद पडली होती: ‘एप्रिल, अर्धं. मे, अर्धं. जून बघू.’ मला तिनं नंतर कळवलं. ‘अगं, त्या पोराचा आवाज ऐकलास तर तूही तेच म्हणाली असतीस.’ मी आवाज ऐकला नव्हता. तिनं ऐकला होता. ती मुलं पुढे अडीच वर्षं राहिली. अर्ध्या भाड्यापायी गेलेले पैसे आणि फ्लॅट रिकामा न राहिल्यानं वाचलेले पैसे मी एकदा मांडून बघितले. वाचलेले जास्त होते. आत्यानं मात्र हा हिशोब केला नव्हता.

आता आत्याची दुसरी बाजू.

२०२२ च्या शेवटी ती मुलं गेली आणि नवे भाडेकरू शोधायची वेळ आली. एक जोडपं आलं होतं. दोघंही नोकरीत, कागदपत्रं चोख, भाड्यात घासाघीस नाही. आत्यानं नाही म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर आधी म्हणाली, ‘जमेलसं वाटलं नाही.’ मग म्हणाली, ‘सोसायटीत प्रश्न येईल.’ मी खोदत राहिले तेव्हा तिनं त्यांचं आडनाव सांगितलं. त्यावरून आमचं पाऊण तास भांडण झालं, पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजेपर्यंत. ती म्हणाली, मला स्वतःला काही नाही, पण रोज तोंड मला द्यावं लागतं, तू तिकडे बसून तत्त्वं सांगणार. मी म्हणाले, घर माझ्या नावावर आहे, त्यामुळे नाही म्हणणारी मीच ठरते. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्यांना फोन केला. त्यांनी तोवर बाणेरला दुसरं घर बघितलं होतं. वहीत त्या दिवशी एवढंच आहे: ‘फोन केला. उशीर झाला.’

सोसायटीला विचारावं लागतं, हे पुण्यात कोणालाही नाही म्हणायचं सगळ्यात सोपं कारण आहे. एकट्या मुलीला, बॅचलर मुलांना, मांसाहार करणाऱ्यांना, आडनाव वेगळं असणाऱ्यांना. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी वाचले तर दिसतं, की फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सनं देताना सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कळवावं लागतं, नोंदवलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. बस. पण उपविधी कोण वाचतो? वाचले तरी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्यांना कुठला उपविधी दाखवणार, हा आत्याचा मुद्दाही खोटा नव्हता. त्या आठ्या तिच्या वाट्याला यायच्या, माझ्या नाही.

या वहीच्या शेवटी शेवटी नोंदी आखूड होत जातात. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर पाडला, आणि त्याच्या आधी-नंतर कित्येक महिने कर्वेनगरहून बालेवाडीला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. आत्याचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. २०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाथरूममधला पाइप फुटला आणि खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी टपकायला लागलं. भाडेकरू गावाला. लिफ्ट बंद. आत्या किल्ली घेऊन सात मजले चढली, कॉक बंद केला, खालच्यांची बोलणी खाल्ली, आणि सात मजले उतरली. मला हे चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. फोन केला तर म्हणाली, ‘काही नाही गं, जरा पाय दुखतोय.’ त्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

त्या सुट्टीत मी पुण्यात होते आणि तिच्या पलंगाशेजारी बसून वही चाळत होते. फ्लॅटवरच्या खेपा मोजल्या. सहा वर्षांत त्रेसष्ट. त्यात कचेऱ्या, बँक, झेरॉक्सची दुकानं धरलेली नाहीत. रिक्षाचे पैसे तिनं कुठेच लिहिले नव्हते. गिझरच्या कॉइलचे साडेसहाशे लिहिलेत, कारण ते माझ्याकडून घ्यायचे होते. आम्ही तिला दर वर्षी साडी, एकदा फोन, एकदा काश्मीरची सहल असं काहीबाही देत आलो. पैसे देऊ केले असते तर तिला अपमान वाटला असता, असं घरात सगळे म्हणतात. तेही खरं असेल. पण बिनपगारी माणसाला सुट्टी मागता येत नाही, राजीनामा देता येत नाही, आणि हे काम आता होत नाही असं म्हणायला गुडघ्याचं ऑपरेशन लागतं.

जानेवारी २०२४ पासून एजन्सी आली. भाड्याच्या आठ टक्के दरमहा, नवा भाडेकरू आणला तर वर अर्ध्या महिन्याचं भाडं. दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती मला न विचारता, त्यावरची विचारून. आत्यानं त्यांच्या मुलाला किल्ल्या दिल्या तेव्हा प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली होती: मुख्य दार, सेफ्टी डोअर, मीटर बॉक्स, गच्ची. ‘बरं झालं,’ ती मला म्हणाली. पुढचे दोन महिने तिचा दर पाच तारखेला फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणायची, ‘भाडं आलं ना?’

एजन्सी काम चांगलं करते, हे आधी सांगितलं पाहिजे. सकाळी सातला तक्रार, अकराला प्लंबर, बाराला फोटो. घर रिकामं होताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ. आणि माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं त्यांच्यामुळे उतरलं, ते आयकराचं. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूनं त्यातून ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. त्यासाठी त्याला टॅन नंबर काढावा लागतो, दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे सांगितलं की तो मालकिणीकडे संशयानं बघतो, आणि दुसरा फ्लॅट शोधायला लागतो. मला तो पैसा पुढे परतावा म्हणून बराचसा मिळतो, कारण भाड्यातून मिळकतकर, ३० टक्के ठोक वजावट आणि कर्जाचं व्याज वजा होतं. पण वर्षभर अडकून राहतो. एजन्सी भाडेकरूचं हे सगळं काम करून देते. आत्याच्या काळात त्यासाठी मी दर तिमाहीला भाडेकरूबरोबर व्हिडिओ कॉलवर बसायचे.

मग अडचण कुठे आहे? ठिपक्यांमध्ये.

पहिली गोष्ट, एजन्सीच्या अर्जात ‘आहार’ असा एक रकाना होता आणि ‘धर्म’ असाही. मी ते काढायला सांगितलं. मॅनेजर अतिशय नम्र मुलगा आहे. म्हणाला, ‘मॅडम, आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही. फक्त सोसायटीच्या प्रोफाइलला मॅच करून पाठवतो.’ म्हणजे माझ्यापर्यंत येणारी चार नावं आधीच गाळून आलेली असतात, आणि गाळून गेलेली किती व कोणती, हे मला कधीच दिसणार नाही. अ‍ॅपमध्ये त्याचा ठिपका नाही. आत्या नाही म्हणाली तेव्हा तिच्याशी पाऊण तास भांडता आलं. रकान्याशी कसं भांडणार? माझ्या फ्लॅटपुरते ते दोन रकाने आता कोरे राहतात, असं मला कळवण्यात आलं आहे. हे कळवणं खरं मानून चालायचं.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षी झाली. एक मुलगी दीड वर्ष राहून गेली. भाडं वेळेवर, तक्रार नाही. ती गेली, अ‍ॅपवर हिरवा ठिपका आला, डिपॉझिटचा हिशोब पूर्ण. तीन आठवड्यांनी तिनं मला समाजमाध्यमावर शोधून काढून निरोप पाठवला. रंगकाम आणि ‘डीप क्लीनिंग’ म्हणून तिचे बावीस हजार कापले होते. तिनं राहायला आली त्या दिवशीचे फोटो पाठवले, गेली त्या दिवशीचेही. भिंतीवर फरक दिसत नव्हता. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्ही मला कधी भेटला नाहीत, त्यामुळे तुम्हाला राग कशाचा आला ते कळलं नाही.’

मी मॅनेजरला विचारलं. करारात कलम होतं: घर सोडताना रंगकामाचा खर्च भाडेकरूचा. फ्लॅट खरंच रंगवला होता, नवा भाडेकरू लवकर मिळावा म्हणून, आणि तो मिळालाही. त्याच्या बाजूनं सगळं नियमात होतं. मी त्या मुलीचे पैसे माझ्या खात्यातून परत केले आणि ते कलम करारातून काढायला लावलं. साध्या वापरानं जुन्या झालेल्या रंगाचा खर्च मालकाचाच. मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, बाकीचे सगळे ओनर घेतात.’ घेत असतील. पुण्यातल्या किती भाडेकरूंना असा एखादा मालक आहे, ज्याला त्यांनी पाहिलेलं नाही आणि ज्याच्या रागाचं कारण त्यांना कळलेलं नाही, असं मनात येऊन गेलं. आणि त्यातल्या किती मालकांना आपण रागावलो होतो हेच ठाऊक नाही.

पैशांचाही एक कोपरा आहे, जो ग्रुपवरच्या चर्चेत येत नाही. आठ टक्के म्हणजे महिना २४८०. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर माझं नुकसान ३१ हजार, वर मेंटेनन्स. एजन्सीचं नुकसान २४८०. उलट जुना भाडेकरू जाऊन नवा आला तर त्यांना साडेपंधरा हजार मिळतात. त्यांची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला माणूस बदलण्याचे पैसे मिळतात, त्यानं माणूस टिकवावा अशी अपेक्षा मी फुकटात कशी करू? म्हणून या वर्षी नवीन करार करताना मी उलट अट घातली: नव्या भाडेकरूचे पैसे निम्मे, आणि जुन्यानं करार वाढवला तर तेवढेच पैसे वाढवल्याचे. तो जरा बुचकळ्यात पडला. मग म्हणाला, ‘चालेल, पण असं कोणी मागत नाही.’ आणखी एक अट घातली: कोणाच्याही डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर आधी मी त्या माणसाशी फोनवर बोलणार. त्यालाही तो हो म्हणाला.

मॅनेजर ठेवूच नये, असं म्हणणाऱ्यांशी मला जमत नाही. त्यांच्या घरातलं कोणीतरी अजून जिने चढतंय, एवढाच त्याचा अर्थ. कोकणात मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरं वर्षानुवर्षं शेजारच्यांनी राखली, गणपतीच्या आधी झाडूनपुसून दिली. त्या राखणीवर कितीतरी गोड लिहिलं गेलंय. राखणाऱ्यांना काय मिळालं, ते मात्र मी तरी फारसं वाचलेलं नाही. पैसे देऊन काम घेणं मला जास्त सरळ वाटतं. फक्त पैसे दिले की त्या कामातून आपण सुटलो, असं ग्रुपवरची मंडळी म्हणतात, ते माझ्याबाबतीत झालं नाही. माझा फोनवरचा वेळ उलट वाढलाय. आत्या होती तेव्हा तिच्या बऱ्या-वाईट निर्णयांवर तिची स्वतःची सही होती. आता जे होतं त्यावर माझी असते, मग मी वाचलेलं असो वा नसो.

सध्या फ्लॅटमध्ये एक जोडपं आहे. तो साताऱ्याचा, ती कोचीची. त्यांचा करार मार्चमध्ये संपतोय. मॅनेजरचा मेसेज आला: ‘मार्केट वर आहे, दहा टक्के वाढ सुचवतो, नको असेल तर नवीन पार्टी तयार आहे.’ मी तिला थेट फोन केला. आधी घाबरली. घरमालकीण आपणहून फोन करते म्हणजे काहीतरी झालं असणार, असं वाटलं म्हणाली. पाच टक्क्यांवर आमचं दोन मिनिटांत जुळलं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘ताई, एक विचारू? सासूबाई येणार आहेत राहायला. त्यांना झोपाळा लागतो. बाल्कनीत हूक मारला तर चालेल? मॅनेजर म्हणाले, ड्रिलिंग अलाउड नाही.’

मी हो म्हणाले. रविवारी आत्याला फोन केला तेव्हा सहज हे सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हॉलच्या दाराकडे मारू नका म्हणावं. पंख्याची वायर तिथून स्लॅबमधून गेलीय. २०१८ ला इलेक्ट्रिशियननं दाखवली होती मला. रेलिंगकडून दोन हात सोडून मारा, म्हणावं. आणि तिला माझा नंबर दे.’